आप्पा टेलरांची उंच पोरं

आमच्या व्हॉलीबॉल क्लबात चषक फारसे जमले नाहीत, किस्से मात्र ठेवायला जागा उरली नाही. याचं खरं कारण आमचं नेट. ते जुनं, दोरी गाठी मारून मारून आखूड झालेली, आणि रोज संध्याकाळी ते ताणून बांधायला चार माणसं लागायची. हात असे गुंतले की तोंडं सुटतात. एक जण कालचं सांगायचा, दुसरा त्यात परवाचं मिसळायचा, आणि शेवटची गाठ बसेपर्यंत किस्सा पक्का झालेला असायचा. मी क्लबात गुण लिहायचो आणि चेंडूत हवा भरायचो. खेळायचो नाही, त्यामुळे ऐकायला सवड भरपूर. ऐंशीनंतरची ती वर्षं. बेलबॉटम नुकत्याच गेल्या होत्या, पँटी पुन्हा अरुंद झाल्या होत्या, आणि या बदलावर आमचे कोच खूष होते. कारण आमचे कोच टेलर होते.

आप्पा टेलरांचं दुकान रत्नागिरीच्या बाजारात, एका मशिनचं. तरुणपणी ते मुंबईत गिरणीच्या संघातून खेळलेले. चण लहान. मशिनवर बसले काय आणि उठून उभे राहिले काय, दुकानाबाहेरून बघणाऱ्याला फारसा फरक कळत नसे. पण हा माणूस उंच पोरांसाठी वेडा होता.

वेड लागलं ते चिपळूणकडच्या अलोऱ्याच्या, वीजप्रकल्पाच्या वसाहतीच्या संघामुळे. तिथली पोरं नेटवर हात वर करायची आणि आमच्या बाजूला सावली पडायची. आमची पोरं चपळ, पण सगळी कमी उंचीची. दरवर्षी हरलो की आप्पा परतीच्या गाडीत एकच वाक्य बोलायचे. "बुटका खेळाडू मिळतो. उंच खेळाडू करायला लागतो."

मग ते करायला लागले.

*

उंच पोरं शोधायची आप्पांची रीत जगात दुसरीकडे कुठे नसेल. ते शाळाशाळांतून हिंडले नाहीत. ते दुकानात बसून राहिले आणि पँटींच्या तळपट्ट्यांकडे बघत राहिले.

जूनमध्ये शाळेचा गणवेश शिवायचा, दिवाळीच्या सुमारास आया यायच्या, "आप्पा, जरा खालून सोडून द्या, आखूड झाली." आप्पा पट्टी उसवायचे आणि मनात नोंद करायचे. एखादी पँट दिवाळीआधीच परत आली की त्यांचे डोळे चमकायचे. त्या आईला बाकावर बसवून, घरात वडील केवढे, मामा केवढे, याची चौकशी सुरू. एकीने तर घाबरून विचारलं होतं, "आप्पा, स्थळ बघताय काय?"

अशाच रीतीने आमच्या क्लबात पहिला उंच होणारा मुलगा आला. खालच्या आळीतला. जूनला शिवलेली खाकी पँट ऑगस्टमध्येच घोट्याच्या वर. आप्पा त्याला घेऊन मैदानावर आले तेव्हा त्यांची चाल बदललेली होती.

"हा बघा. दोन महिन्यांत चार बोटं वाढलाय."

आमचा कॅप्टन बंड्या. चेंडू उचलून दुसऱ्याला मारायला देणारा लिफ्टर, क्लबात सर्वांत बुटका आणि सर्वांत बोलका. त्याने त्या मुलाला स्वतःच्या शेजारी उभं केलं. दोघांची उंची सारखीच.

आप्पा म्हणाले, "आत्ता नाय दिसणार. वाढतोय."

पोरगा महिनाभर आला. काही वाढला नाही. शेवटी त्याची आई पुन्हा दुकानात आली, तेव्हा कळलं. शाळा दुसऱ्या दिवशी उघडणार म्हणून तिने घाई केली होती, आणि आप्पांनी कापड न भिजवता तसंच शिवून दिलं होतं. पहिल्याच धुण्यात पँट आटली. पोरगा होता तेवढाच होता.

बंड्याने त्या दिवसापासून मैदानावर आलेल्या प्रत्येक नव्या मुलाला विचारायचं धरलं, "तू वाढलायस, की धुतलायस?"

*

बशीरची पँट मात्र धुऊन आटलेली नव्हती.

बशीर राजिवड्याचा, खाडीकाठच्या वस्तीतला. वडील जहाजावर खलाशी, वर्षातून एकदा घरी. बशीरची तळपट्टी आप्पांनी एकदा सोडली, दुसऱ्यांदा सोडली, तिसऱ्यांदा आत सोडायला कापडच उरलं नाही, तेव्हा त्यांनी खाली वेगळी पट्टी जोडली आणि दुकान बंद करून ती पँट घेऊन थेट त्याच्या घरी गेले. मला सोबत घेतलं. बोलणी करायची असली की आप्पांना सोबत लागायची.

बशीरच्या आईला सगळे भाभी म्हणायचे. भाभींनी आमचं सगळं ऐकून घेतलं. चहा दिला. मग म्हणाल्या, "आप्पा, हा खातो तेवढा लांब होतो, आणि लांब होतो तेवढा घराबाहेर जातो. तुम्ही त्याला आणखी कशाला बाहेर काढताय?"

बशीरचा मामू मस्कतला होता. त्याने व्हिसा पाठवायचं कबूल केलं होतं. आज येईल, उद्या येईल, असं चाललेलं. व्हिसा आला की बशीर जाणार, हे घरात ठरलेलं होतं.

"चेंडू मारून पोट भरत नाय," भाभी म्हणाल्या.

आप्पांनी समजावलं. मुंबईच्या कंपन्या उंच खेळाडूंना नोकरीवर घेतात. पोरगा जिल्ह्यातून निवडला गेला, पुढच्या शिबिरात दिसला, की मस्कतपेक्षा जवळच पोटाची सोय होईल. आठवड्याला नाही, पण सणाला तरी घरी येईल.

भाभींनी विचार केला. "व्हिसा येईपर्यंत घ्या. आला की पोरगा माझा नि चेंडू तुमचा."

परत येताना आप्पा इतके खूष होते, की ती जोडपट्टीची पँट द्यायची विसरून पुन्हा घेऊन आले.

*

आता आमच्याकडे खरोखर उंच मुलगा होता. पहिल्या दिवशी बंड्याने त्याला छान अलगद चेंडू उचलून दिला. चेंडू नेटच्या वर, डोक्याच्या थोडा पुढे. बशीरने तो बघितला आणि खाली वाकला.

दुसरा दिला. पुन्हा वाकला.

मग लक्षात आलं. जन्मापासून हा मुलगा बुटक्या दारांतून ये-जा करत होता. घराचं दार, पडवीचं छप्पर, होडीतली शिडाची आडवी काठी. डोक्याच्या वर काही दिसलं की मान आपोआप आत. तो आमच्या नेटखालूनसुद्धा हातभर जास्त वाकून जायचा.

बंड्या म्हणाला, "आप्पा, याला उंची दिली देवाने, पण ती वापरायची कशी, तो कागद आत टाकायचा राहिला."

आप्पांनी त्याला खेळवणं बंद केलं. महिनाभर त्याने फक्त मैदानाच्या कडेने चालायचं, मान ताठ, आणि वाटेतल्या फणसाच्या खालच्या फांदीला डोकं लावून पुढे जायचं. वाकायचं नाही. पानं, मुंग्या, काय असेल ते केसांत घेऊन यायचं. भाभींनी निरोप पाठवला, की पोरगा व्हॉलीबॉल खेळतो की झाडावर राहतो?

महिन्याने तो वाकायचा थांबला. आणि घरी, स्वतःच्याच दाराच्या चौकटीला, कपाळ आपटून घेतलं. टेंगूळ घेऊन दुसऱ्या दिवशी मैदानावर आला, तेव्हा आप्पांनी त्या टेंगळाकडे अगदी समाधानाने बघितलं.

"आता बसलं डोक्यात," ते म्हणाले.

*

मान सरळ झाली, तर हात नेटला लागायला लागले. चेंडू नेटच्या वरून मारायचा, तर हा नेटमध्ये मारायचा. मग आप्पांनी घरून आंबे उतरवायचा झेला आणला. लांब काठी, टोकाला जाळीची पिशवी. नेटच्या पलीकडे स्टुलावर उभं राहून त्यांनी तो झेला वर धरला.

"याच्या वरून मार."

रोज संध्याकाळी हा कार्यक्रम. बंड्या चेंडू उचलणार, बशीर उडी मारणार, आणि बहुतेक वेळा चेंडू सरळ झेल्याच्या पिशवीत. आप्पा हापूस उतरवल्यासारखा तो हळूच खाली घेणार आणि परत देणार. चुकून एखादा वरून गेला, तर तो आप्पांच्या अंगावर यायचा. आप्पा स्टुलावरून पडायचे. पडून उठले की म्हणायचे, "असाच."

एकदा आमच्या क्लबाचे अध्यक्ष वकीलसाहेब कोर्टातून परतताना थांबले. पावसाळा तोंडावर आलेला. हातात झेला धरलेले आप्पा बघून त्यांनी विचारलं, "आप्पा, सीझन संपला की. आता कसले आंबे काढताय?"

आप्पा स्टुलावरूनच म्हणाले, "साहेब, याला अजून मोहोर आहे."

*

वकीलसाहेब हे ऐकून गेले खरे, पण पुढच्या मीटिंगला विषय काढलाच. बशीर येऊन दोन पावसाळे गेले होते, आप्पांनी त्याला अजून एकाही सामन्यात उतरवलं नव्हतं, आणि गावातल्याच स्पर्धेत आम्ही हरलो होतो. तेव्हा बशीर राखीव बाकावर बसला होता, आणि तो बसलेला इतरांच्या उभ्याएवढा दिसायचा, त्यामुळे तो बसलाय हे सगळ्यांना दिसलं होतं.

"त्याला नुसता उभा करून काय करायचंय?" वकीलसाहेबांनी विचारलं. "पंधरा ऑगस्टला झेंडा लावायला?"

आप्पा शांतपणे म्हणाले, की उंच पोराच्या पायांना डोक्याचा निरोप पोचायला वेळ लागतो.

"मग तार करा," वकीलसाहेब म्हणाले.

सगळे हसले. आप्पाही हसले. पण घरी जाताना माझ्याबरोबर चालताना ते एकदम थांबून म्हणाले, "मला घाई नाय रे. घाई त्या मामूला आहे." तेवढं बोलून पुढे चालायला लागले.

*

शेवटी मालगुंडला एका स्पर्धेत बशीर उतरला. कापणी झालेल्या शेतात मैदान आखलेलं, भोवती गाव लोटलेलं. बंड्याने चेंडू उचलला, बशीर वर गेला, आणि असा स्मॅश बसला की समोरचा खेळाडू छातीवर चेंडू घेऊन मागे पडला.

आम्ही ओरडेपर्यंत बशीर नेटखालून वाकून पलीकडे गेला आणि त्या मुलाला हात देऊन उठवायला लागला. "लागलं काय?"

पंचांनी शिट्टी मारली. मधली रेषा ओलांडली. सर्व्हिस गेली.

दुसऱ्यांदा तेच. जबरदस्त स्मॅश, समोरचा खाली, बशीर नेटखालून पलीकडे, पंचांची शिट्टी. तिसऱ्यांदा तर समोरचा पडला नव्हता, नुसता खाली बसला होता, तरी हा गेला. मालगुंडचे लोक त्याच्यावर इतके खूष झाले, की आमच्यापेक्षा तेच त्याला जास्त टाळ्या द्यायला लागले. पंचही शिट्टी वाजवताना ओशाळल्यासारखे दिसायला लागले.

आप्पा कोच. त्यांना जागेवरून हलायची परवानगी नाही. ते तिथूनच, हात जोडून म्हणाले, "बशीर, बाबा, विचारपूस मॅच संपल्यावर कर."

तो सामना आम्ही हरलो. संपल्यावर बशीर खरोखरच पलीकडे गेला आणि सगळ्यांची विचारपूस करून आला. परत यायला त्याला इतका वेळ लागला, की आमची गाडी चुकली.

*

आणि मग व्हिसा आला.

तो आला त्या आठवड्याच्या रविवारी जिल्ह्याच्या संघाची निवड होती. आमची गाठ अलोऱ्याशी. बाहेरून दोन निवडकर्ते येणार होते. इकडे मामूने कळवलं, की ओळखीचा एक माणूस निवडीनंतरच्या गुरुवारी मुंबईहून मस्कतला निघतोय, त्याच्या सोबतीने बशीरला पाठवा. एकट्याने नको. त्याआधी दोन-चार दिवस मुंबईला जाऊन राहू दे.

भाभी टेरिकॉटचं कापड घेऊन आप्पांच्या दुकानात आल्या. परदेशी जाताना पोराच्या अंगावर नवी पँट हवी, आणि बाजारातली तयार पँट त्याला घोट्याच्या वर येते. त्यांनी बजावलं, की पँट मिळाली की त्याच रात्रीच्या गाडीने पोरगा मुंबईला. आप्पांनी माप घेतलं. मान खाली घालून.

आता आप्पा म्हणजे वेळेचा पक्का माणूस. दिलेल्या दिवशी कपडा तयार नाही, असं कधी झालं नव्हतं. पण भाभी गुरुवारी आल्या, तर काजं करणारी बाई माहेरी गेली होती. शुक्रवारी आल्या, तर मशिनचा पट्टा तुटला होता. शनिवारी आल्या, तर आप्पांनी सांगितलं, की या रंगाचा दोराच बाजारात नाही, चिपळूणला माणूस पाठवलाय.

शनिवारी बंड्या दुकानात गेला आणि आतला पडदा सरकवून पाणी प्यायला लागला. पडद्यामागे खुंटीला बशीरची पँट. शिवलेली, इस्त्री केलेली, लांबच लांब.

आप्पांनी विचारलं, "काय बघितलंस?"

"काय नाय आप्पा. माठ बघितला."

रविवारी सामना झाला. पहिला गेम बशीर भिऊन खेळला. दुसऱ्यात अलोऱ्याच्या सर्वांत उंच गड्याने मारलेला चेंडू त्याने दोन हातांनी नेटवरच थोपवला आणि तो त्याच गड्याच्या पायाशी पडला. त्यानंतर आमच्या बाजूला सावली पडली नाही. बशीर एकदाही नेटखालून गेला नाही. फक्त कोणी पडला, की इकडूनच मान वाकडी करून बघायचा.

मी गुण लिहीत होतो, म्हणून मला मैदानाच्या पलीकडची बाजू समोर दिसत होती. तिथे जांभ्या दगडाच्या गडग्याच्या कुंपणाजवळ भाभी उभ्या होत्या. गेमच्या मध्ये मी जाऊन त्यांना खुर्चीवर येऊन बसा म्हटलं.

"बसायला वेळ कुठे? मासे घ्यायला निघाले होते," त्या म्हणाल्या. हातात पिशवी नव्हती. सामना पाचव्या गेमपर्यंत गेला, तोवर त्या तिथेच होत्या.

पाचवा गेम अलोऱ्याने घेतला. आम्ही हरलो. पण निवडकर्त्यांनी बशीरचं नाव घेतलं आणि सांगितलं, की शुक्रवारी कोल्हापूरला शिबिरात हजर राहायचं. मुंबईच्या कंपन्यांची माणसं तिथेच येऊन पोरं बघतात.

गुरुवारी सोबतीचा माणूस निघणार. शुक्रवारी शिबिर.

बंड्याने नेट सोडता सोडता आप्पांना हळूच म्हटलं, की दोरा चिपळूणला नाही मिळाला, तर कोल्हापूरला मिळेल. आप्पा त्याच्यावर चिडले. इतकं चिडलेलं मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. ते म्हणाले, की निवड होईपर्यंत थांबवलं तेवढं पुष्कळ झालं. व्हिसा येईपर्यंत घेतो, असा शब्द दिला होता. आईचा पोरगा आहे, क्लबाचा नाही.

सोमवारी सकाळी त्यांनी पँट कागदात गुंडाळली आणि स्वतः राजिवड्याला नेऊन दिली. शिलाई घेतली नाही. शिबिराविषयी बोलले नाहीत. बशीरने घरी सांगितलंच होतं. भाभींनी पुडकं घेतलं, बरं म्हणाल्या, आणि आत गेल्या.

मंगळवारी संध्याकाळी मी आणि बंड्या दुकानात बसलो होतो. नेट बांधायला कोणाचा पाय उचलत नव्हता. आप्पा मशिनवर बसून काही शिवत नव्हते. तेवढ्यात भाभी आल्या. मागे बशीर, दुकानाच्या दारात मान वाकवून, अंगात ती नवी पँट.

"आप्पा, कमरेत सैल झालीय," भाभी म्हणाल्या. "अशी घालून पोरगा परमुलखात कसा पाठवू?"

आप्पा उठले. गळ्यातली टेप काढली आणि बशीरच्या कमरेला लावली. पँटीत आणि कमरेत बोट जाईना. त्यांनी टेपकडे बघितलं, मग बशीरकडे. बशीर छताकडे बघत होता. मग त्यांनी भाभींकडे बघितलं. बंड्याने बोलायला तोंड उघडलं, मी त्याच्या पायावर पाय ठेवला.

आप्पांनी टेप गुंडाळली.

"उसवून पुन्हा करायला लागेल, भाभी. आठ दिवस तरी जातील."

"जाऊ देत," भाभी म्हणाल्या. "मला घाईचं काम आवडत नाय."